लूप गोल का नसतो?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अकरावी सायन्सला असलेली एक मुलगी आहे. मैत्रिणींबरोबर ती खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कात नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरवर बसून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला: "काका, पुस्तकात लूप गोल काढतात आणि किमान वेग वर रूट जी आर, खाली रूट फाइव्ह जी आर असं पाठ करून घेतात. पण नायट्रोचा लूप गोल नाहीये, वरून चिमटलेला आहे. मग पुस्तकातलं गणित चुकलंय का? आणि वर उलटी झाल्यावर मला पट्ट्याला लटकल्यासारखं अजिबात वाटलं नाही, सीटवर दाबून बसवल्यासारखं वाटलं. क्लासचे सर म्हणतात अपकेंद्री बल खरं नसतं. मग मला दाबलं कोणी?"

उलटी झाल्यावर म्हणजे डोकं खाली गेल्यावर, एवढा खुलासा तिने पुढच्याच मेसेजमध्ये केला ते बरं झालं. तिला लिहिलेलं उत्तर जरा लांबलं, पण तिच्या वर्गातल्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून सगळंच देतो.

अगं, मी कोस्टर बांधणारा माणूस नव्हे. माझी नोकरी गेली रेल्वेच्या पी-वेमध्ये, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि वळणं. पण वळणावर गाडी कशी वागते हे बघण्यातच आयुष्य गेलं, आणि लूप म्हणजे शेवटी उभं केलेलं वळणच.

आधी दाबलं कोणी ते बघू. दाबलं सीटने. आपण ज्याला वजन म्हणतो ते शरीराला पृथ्वीच्या ओढीतून कळत नाही, खालून जे रेटतं त्यातून कळतं. वजनकाट्यावर उभी राहिलीस की काटा दाखवतो तो त्याने तुला किती रेटलं त्याचा आकडा. लिफ्ट खाली सुटताना पोटात गोळा येतो, तेव्हा पृथ्वीने ओढणं थांबवलेलं नसतं. लिफ्टच्या तळाने रेटणं कमी केलेलं असतं.

आता लूपच्या माथ्यावर ये. तिथे तुझा मार्ग खाली वाकतोय, म्हणजे तुझं त्वरण खालच्या दिशेला. ते किती, हे व्ही स्क्वेअर बाय आर, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, ठरवतं. समजा ते तीन जी आहे, म्हणजे नुसतं पडताना मिळणाऱ्या त्वरणाच्या तिप्पट. त्यातलं एक जी गुरुत्वाकर्षण फुकट देतं. उरलेलं दोन जी कोणी द्यायचं? तू उलटी, सीट तुझ्या वर, तेव्हा सीटच तुला खाली ढकलते. तुझ्या शरीराला कळतो तो फक्त हा रेटा, आणि तो सीटकडून येतो म्हणून आभाळ पायाशी दिसत असलं तरी 'खाली' म्हणजे सीटकडे, असंच अंग सांगतं. म्हणजे तू माथ्यावर असताना पडत नव्हतीस असं नाही. पडतच होतीस, नुसत्या पडण्याच्या तिप्पट त्वरणाने. रूळ जरा सावकाश वाकला असता, म्हणजे त्वरण एक जीपेक्षा कमी लागलं असतं, तर सीट सुटली असती आणि तुला पट्ट्याने धरायची वेळ आली असती.

अपकेंद्री बलाबद्दल सर बरोबरच सांगतात, पण ते अर्धंच सांगितलं जातं. हार्बरची लोकल सँडहर्स्ट रोड सोडून डॉकयार्ड रोडकडे वळते तेव्हा दारातली सगळी मंडळी एका बाजूला कलतात. त्यांना बाहेर कोणी ढकललेलं नसतं. त्यांची अंगं सरळ निघालेली असतात, डबा वळलेला असतो, आणि हातातली कडी त्यांना वळणाच्या आत ओढून घेते. फलाटावरून बघणाऱ्याला दिसतं ते हे आतलं ओढणं, ते अभिकेंद्री बल. डब्यात उभं राहून हिशेब करायचा असेल तर बाहेरच्या दिशेचं एक बल मानून घेतलं की समीकरणं सोपी पडतात. आम्ही इंजिनिअर लोक ते सर्रास मानतो. ती हिशेबाची सोय आहे. परीक्षेत मात्र फलाटावर उभी राहूनच लिही.

घरी करून बघायचं तर बादली घे, अर्धी भरलेली, आणि गच्चीवर जा. हात आणि बादली मिळून खांद्यापासून पाण्यापर्यंत साधारण एक मीटर होतं. एका मीटरच्या त्रिज्येला पाणी माथ्यावर टिकायला सेकंदाला ३.१ मीटर वेग लागतो, म्हणजे एकसारखं फिरवलंस तर एक फेरी दोन सेकंदांत. 'एक, दोन' मनात म्हणत फिरव. त्याहून रेंगाळलीस की डोक्यावर अभिषेक. पाणी येण्याच्या वेळेत कर, नाहीतर आई मला बोलेल.

आता गोल लूप. पुस्तकातलं गणित चुकलेलं नाही. फक्त ते एका ठिपक्याचं आहे: ज्याला लांबी नाही, घर्षण नाही आणि मान नाही. दहा मीटर त्रिज्येचा गोल घे. माथ्यावर जेमतेम टिकायला सेकंदाला ९.९ मीटर, तळाशी २२.१ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. तळाशी व्ही स्क्वेअर बाय आर येतं पाच जी, त्यात तुझं नेहमीचं एक मिळव. सहा जी. पंचावन्न किलोची तू तीनशे तीस किलोची होतेस, आणि वर पोचल्यावर बरोब्बर शून्य.

तू म्हणशील, वेग वाढवू. वाढव. मग वर थोडं वजन मिळेल, पण खालचंही तेवढंच वाढेल. गोल लूपमध्ये तळाचा रेटा आणि माथ्याचा रेटा यांतला फरक नेहमी सहा जीच राहतो, गाडी कितीही उंचावरून सोड. वर दोन जी हवं असेल तर खाली आठ. हे स्वतः एकदा मांडून बघ, तीन ओळींचं आहे आणि प्रवेश परीक्षांचं लाडकं आहे. त्रिज्या लहान-मोठी करूनही सुटका नाही, कारण त्रिज्या त्या उत्तरात उरतच नाही. सवय नसलेल्या माणसाला पाच जीच्या आसपास काही सेकंद ठेवलं तर रक्त डोक्याकडून पायाकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे आधी राखाडी, मग काळं होतं. लढाऊ विमानाचे वैमानिक त्यासाठी खास कपडे घालतात. सहलीला आलेली मुलं टी-शर्टवर असतात.

पण माझ्या मते गोलाचा खरा दोष सहा जी हा नाहीच. खरा दोष असा की ते सहा जी एकदम येतात. सपाट रुळावर तुझ्यावर एक जी आहे. गोल जिथे चिकटवला त्या सांध्यावर, पुढच्याच इंचाला, सहा. मध्ये काहीच नाही.

इथे माझा धंदा येतो. आमचं एक साधं वळण घे: त्रिज्या ८७५ मीटर, ज्याला आम्ही दोन डिग्रीचं वळण म्हणतो. त्यावरून लोकल ताशी ८० ने चालली आहे, म्हणजे मघाच्या गोल लूपच्या तळाशी आहे त्याच वेगाने. बाहेरच्या दिशेला जाणवणारा भार येतो एका जीच्या सहा टक्क्यांहून कमी. तो पुसण्यासाठी बाहेरचा रूळ उचलायचा, त्याला कँट म्हणतात. आमचं सूत्र आहे: १७५० गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १२७ गुणिले त्रिज्या. वेग किलोमीटरमध्ये, उत्तर मिलिमीटरमध्ये. ते १२७ कुठून आलं हे मला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही. ९.८१ ला ३.६ च्या वर्गाने गुण, मिळेल. या वळणाला उत्तर येतं १०१ मिलिमीटर, जेमतेम चार इंच. आता हे चार इंच एकदम उचलता येत नाहीत. ते सेकंदाला ३५ मिलिमीटरच्या बेताने वाढावेत असा दंडक आहे, म्हणजे जवळजवळ तीन सेकंद, म्हणजे ६४ मीटर रूळ. लोकलचे तीन डबे उभे राहतील एवढी लांबी आम्ही फक्त सरळाचं वळण करण्यात खर्च करतो, आणि तेही एका जीच्या सहा टक्क्यांसाठी. गोल लूपवाला पाच जी शून्य मीटरमध्ये देतो. माझ्या हाताखालच्या मुकादमाला हे सांगितलं असतं तर त्याने मला घरी जायला सांगितलं असतं.

त्या ६४ मीटरांच्या तुकड्याला ट्रान्झिशन म्हणतात. तो मोजायची रीत बघण्यासारखी आहे. रुळाच्या आतल्या कडेला वीस मीटरची दोरी दोन टोकांनी ताणून धरायची आणि मधोमध दोरी आणि रूळ यांत किती फट आहे ती पट्टीने वाचायची. ती व्हर्साइन. पन्नास हजाराला त्रिज्येने भागलं की मिलिमीटरमध्ये तोच आकडा येतो. ८७५ ला ५७. दर दहा मीटरवर पुढे सरकत गँगमन ओरडतो आणि आपण लिहीत जायचं: शून्य, दोन, नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, त्रेपन्न, सत्तावन्न, सत्तावन्न, सत्तावन्न. आकडे असे जिन्यासारखे चढले की ट्रान्झिशन जागेवर आहे. मध्येच एकोणीसनंतर पस्तीस आला की तिथे डबा हिसका देणार.

एकदा माझ्याच सेक्शनमध्ये हे आकडे मी घाईत लिहून घेतले होते. दोन महिन्यांनी मालगाडीच्या इंजिनात उभा राहून पाहणी करत होतो, समोरच्या फळीवर काचेचा ग्लास, अर्धा चहा. चांगल्या वळणावर गंमत असते: इंजिन कललेलं असतं, क्षितिज तिरकं दिसतं, आणि चहा ग्लासात जसा होता तसाच राहतो, काठाला समांतर. एका वळणावर तो राहिला नाही. अर्धा माझ्या पँटवर आला. ड्रायव्हर काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं, कारण वळण कोणाचं ते त्याला माहीत होतं. वळणाचं पोट व्यवस्थित होतं. बिघडलं होतं ते तोंड, म्हणजे ट्रान्झिशन.

लूपच्या माथ्यावर तुला जे वाटलं ते त्या चहासारखंच. सगळं जग तिरकं-उलटं झालं तरी सीटच्या हिशेबाने तू सरळ होतीस.

आता हा नुसता माझा तर्क नाही, लोकांनी त्याची किंमत मोजली आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाचा लूप उभा राहिला, जवळजवळ शुद्ध गोल आणि व्यास फक्त पंचवीस फुटांच्या आसपास. बसणाऱ्यांच्या माना आखडायच्या. काही वर्षांतच तो बंद झाला. १९०१ मध्ये तिथेच दुसरा आला, तो लांबट अंडाकृती. शरीराला पुष्कळ सुसह्य, पण एका गाडीत माणसंच एवढी थोडी बसायची की धंदा होईना. त्यानंतर कित्येक दशकं लूपच्या नादाला फारसं कोणी लागलं नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये 'रिव्होल्यूशन' सुरू झाला. बांधणारा अँटोन श्वार्झकोफ, आकाराचं गणित व्हेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरचं, आणि त्याने लूपसाठी वापरला क्लोथॉइड: ज्या वक्रावर जितकं पुढे जाल तितकी वक्रता त्याच प्रमाणात वाढते. ऑयलरने अठराव्या शतकात अभ्यासलेला हा वक्र. आमच्याकडे ट्रान्झिशनला घन पॅराबोला वापरतात, पण आमच्या एवढ्याशा कोनांत तो आणि क्लोथॉइड यांत दोरीने दिसेल असा फरक पडत नाही. शून्य, नऊ, अठरा, सत्तावीस: हा क्लोथॉइडच आहे, आडवा पडलेला.

तोच उभा कर, तसलाच दुसरा आरशातल्यासारखा समोर ठेव, वर छोट्या कमानीने जोड. तुला दिसलेला चिमटलेला लूप तयार. त्यात काय साधतं बघ. तळाशी वेग जास्त असतो, तिथे त्रिज्या मोठी. वर वेग कमी झालेला असतो, तिथे त्रिज्या लहान. तोच मघाचा २२.१ मीटरचा वेग घेऊ. तळाशी त्रिज्या हळूहळू कमी करत २५ मीटरवर आणली: व्ही स्क्वेअर बाय आर दोन जी, तुझं एक धरून तीन. लूप सोळा मीटर उंच ठेवला तर माथ्यावर वेग उरतो १३.३ मीटर. तिथे त्रिज्या ६ मीटर दिली तर त्वरण तीन जी, त्यातलं एक पृथ्वीचं, सीटकडून दोन. म्हणजे खाली तीन, वर दोन. त्याच वेगाला गोलाने दिलं होतं खाली सहा, वर शून्य. हे समजण्यासाठी घेतलेले गोळाबेरीज आकडे आहेत, कुठल्या खऱ्या कोस्टरचे नव्हेत. आणि मधल्या उभ्या भिंतीपाशी, गाडी सरळ आभाळाकडे चढत असते तिथे, रेटा या दोन्हींहून थोडा जास्त भरतो. म्हणून करणारे लोक दर थोड्या अंतरावर हिशेब मांडतात.

नायट्रोची सुरुवातीची उंची चाळीस मीटरच्या आसपास आहे. घर्षण सोडून दिलं तर खाली येईपर्यंत वेग सेकंदाला २८ मीटर, ताशी शंभर किलोमीटर. गोल लूप पुरा करायला गाडी किमान अडीच आर उंचीवरून सोडायची, हा पुस्तकातला आकडा या सगळ्यात कुठेच टेकत नाही, कारण एकच आर असा नाहीच. (तू ज्या खोपोलीला गेलीस तिच्याच वरच्या डोंगरात रेल्वेचा बोरघाट आहे, कर्जतहून चढणारा. तिथे सदतीस मीटरला एक मीटर एवढाच चढ आहे, तरी बहुतेक गाड्यांना मागून बँकर, म्हणजे रेटणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. आणि इकडे मुलं किंचाळत उभ्या भिंतीवर चढतात. वेग आधी कमावून ठेवलेला असला की चढाला इंजिन लागत नाही.)

पुस्तकातला ठिपका आणि खरी गाडी यांत आणखी एक फरक आहे, तो पुढच्या वेळी सीट निवडायला उपयोगी पडेल. गाडीला लांबी असते आणि सगळे डबे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे कुठल्याही क्षणी सगळ्यांचा वेग एकच. तो वेग ठरतो पूर्ण गाडीचं वस्तुमानकेंद्र किती उंचावर आहे त्यावरून. मधला डबा माथ्यावर असतो तेव्हा ते केंद्र सगळ्यात वर, म्हणजे गाडी सगळ्यात हळू. पुढचा डबा माथ्यावर असतो तेव्हा बाकीची गाडी अजून खाली लोंबत असते, म्हणून वेग जास्त. शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढची गाडी उतरलेली, तेव्हाही वेग जास्त. म्हणजे लूपच्या माथ्यावर सगळ्यात हलकं वाटतं ते मधल्या सीटवर. आणि पहिल्या मोठ्या उतारावर शेवटच्या डब्याला खेचून कड्यावरून फेकल्यासारखं होतं, कारण तो कड्यावर पोचेपर्यंत पुढच्या डब्यांनी वेग धरलेला असतो. तू कुठे बसली होतीस ते कळव.

तुझ्या आईने लिफ्टमध्ये विचारलं, वेग कमी पडला तर गाडी वरून खाली पडेल का. नाही पडणार. रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशा तिन्ही अंगांनी चाकं धरून असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ च्या सुमारास घेतलं. वेग कमी पडला तर गाडी लूप पूर्ण करणार नाही, मागे येईल, पुढे-मागे झोके खात तळाशी थांबेल. सकाळी चाकं आणि वंगण गार असताना गाडी जरा जड चालते, दुपारी मोकळी धावते. ते धरूनच उंची ठेवलेली असते. तेव्हा आईला सांग, पट्टा घट्ट लावायचा, पण माथ्यावर तुला धरून ठेवायचं मुख्य काम पट्ट्याचं नाही, वेगाचं आणि त्रिज्येचं आहे.

आता तुझं काम. लूपचा फोटो काढला असशील तर बघ तो बरोबर बाजूने आहे का. तिरका असेल तर मैत्रिणींकडे माग. मोठा छापून घे. रुळाच्या रेषेवर दर दोन सेंटिमीटरला एक खूण कर. दोन खुणांवर दोरा ताण आणि मधोमध दोरा ते रूळ किती फट आहे ती पट्टीने वाच. जीवेचा वर्ग भागिले फटीची आठपट, ही त्रिज्या. दोन मिलिमीटर फट आली तर कागदावर त्रिज्या साधारण पंचवीस मिलिमीटर. तळापासून माथ्यापर्यंत ओळीने आकडे लिही आणि मला आणून दाखव. वाचायला एक आणि लिहायला एक, अशा दोघी बसा. दोरा पांढरा घे, काळा रुळावर दिसणार नाही.